खळ्यावरचा ओला कोबा

जबाब

दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

मी, श्रीमती दमयंती नरहरी संखे, वय ५८ वर्षे, व्यवसाय घरकाम व परसातील भाजीची विक्री, राहणार कुंभवली, तालुका व जिल्हा पालघर, आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आले आहे. मला बोलावणे आलेले नव्हते. माझ्याविरुद्ध मैदानाच्या ठेकेदाराने तक्रार केल्याचे सकाळी शेजारच्या इंदुबाईंकडून समजले, तेव्हा बोलावण्याची वाट न पाहता आले. हवालदार साहेबांनी विचारल्यावरून सांगते ते असे.

मी वरील पत्त्यावर माझी धाकटी मुलगी प्रतीक्षा, वय २३, हिच्यासह राहते. माझे पती नरहरी संखे नऊ वर्षांपूर्वी वारले. माझे माहेर माकुणसारचे. लग्न होऊन मी कुंभवलीस आले तेव्हा सासरची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेलेली होती. राहिले ते घर, मागची दोन गुंठे भाजीची जागा आणि घरापुढचे खळे. खळे म्हणजे भात झोडायची चोपलेली जागा, हे साहेबांना माहीत आहे, पण पुढे वाचणाऱ्याला माहीत नसेल म्हणून लिहावे. शेत गेले तरी सासूबाईंनी दर दिवाळीला खळे चोपून सारवून घ्यायचा नेम सोडला नाही. त्यांच्यामागे मीही सोडला नाही. झोडायला भाताची एक पेंढी घरात येत नव्हती, पण खळे तयार असायचे.

सदर खळ्यावर गेली अकरा वर्षे मुलींची कबड्डी चालते. ती सुरू केली नागोराव पवळे यांनी. ते मूळचे नांदेड जिल्ह्यातले, वसाहतीतल्या एका कारखान्यात मशीनवर आहेत, राहतात सरावलीला. एका संध्याकाळी ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "काकू, ह्या जागेवर सांजच्याला काय असतंय का? आमच्या चाळीतल्या पोरी रस्त्यावर खेळायल्यात, ट्रका येतेत." मी म्हटले, "जागा रिकामी हाय तर खेळू दे. पण चपला बाहेर." त्या दिवसापासून आजपर्यंत चपला बाहेरच आहेत. पुढे आम्ही झुंजार कन्या क्रीडा मंडळ या नावाने नोंदणी केली. मी अध्यक्ष आहे व नागोराव शिकवतात. कुंभवली आणि सरावली मिळून सध्या सत्तावीस मुली येतात.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. तिचा या प्रकरणाशी संबंध आहे म्हणून सांगते. मला खळे करता येत होते, मैदान करता येत नव्हते. पावसाळा संपल्यावर मी माती खणली, भिजवली, तुडवली आणि लाकडी चोपण्याने चोपून अशी घट्ट केली की वर दाणा टाकला तर टण्णकन उडावा. सारवून, कडेने रांगोळी घालून मोठ्या तोऱ्यात मुलींना बोलावले. पहिल्याच दिवशी चार मुलींची कोपरे व गुडघे सोलपटून निघाले. नागोराव खाली बसले, तळहाताने जमीन दाबून पाहिली आणि म्हणाले, "काकू, केलंय लई झ्याक. पण हे मळणीचं झालं. आपल्याला हितं पडायचं असतंय." कबड्डीत पडावे लागते, पडल्याशिवाय पकड होत नाही, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. दुसऱ्या दिवशी मीच केलेले खळे मी माझ्या हाताने उकरले. माती चाळणीने चाळली, तिच्यात भाताचा तूस मिसळला आणि पाणी मारले. तेव्हापासून दरवर्षी तसेच करते. मऊ माती करायला घट्ट मातीपेक्षा जास्त मेहनत लागते, कारण ती रोज बघावी लागते.

आमच्याकडे खळे करायचे असले म्हणजे हाळी द्यायची पद्धत आहे. ज्या घरचे खळे त्या घरच्या बाईने ओट्यावर उभे राहून "खळ्याला या गो" अशी हाक मारायची. घरटी एक बाई आपापले घमेले घेऊन येते. येणारीने कारण विचारायचे नाही, मजुरी मागायची नाही. काम झाले की चहा आणि हातावर गूळ-खोबरे. गावात आता दुसरे खळे उरलेले नाही, तरी मी हाक मारली की बाया येतात. सरावलीच्या चाळीतल्या, नांदेड-परभणीकडच्या बायाही मुलींच्या पायी ही पद्धत शिकल्या आहेत. हे सर्व मी लांबण लावण्यासाठी सांगत नाही. तक्रारीत "कट" असा शब्द आहे, म्हणून सांगते.

माझी मुलगी प्रतीक्षा याच मातीत तयार झाली. ती डाव्या कोपऱ्याला खेळायची. तिने घोटा धरला की सुटत नसे, असे नागोराव सांगतात, मी माझ्या तोंडाने सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी एका निमंत्रितांच्या स्पर्धेत, बोईसरकडच्याच एका गावातल्या नवीन क्रीडा संकुलात ती पडली. गावाचे नाव लिहू नये. त्या लोकांनी आम्हाला फार प्रेमाने जेवू घातले होते. तिथे खाली सिमेंटचा कोबा होता. त्यावर मॅट यायची होती. संकुलाचे उद्घाटन होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. प्रतीक्षाच्या उजव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. नंतर ती खेळलेली नाही. सध्या ती वसाहतीत एका कारखान्यात पॅकिंगला जाते, बसून करायचे काम आहे. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

यंदा मार्च महिन्यात वसाहतीतल्या एका कंपनीने सामाजिक कामाच्या निधीतून आमच्या मंडळास क्रीडांगण बांधून द्यायचे ठरवले. कंपनीला मी बोल लावत नाही. त्यांच्याकडचे दोन साहेब आले, मुलींचा खेळ पाहिला, टाळ्या वाजवल्या व नकाशा पाठवून दिला. खळ्याची जागा मी नोंदणी करून मंडळाच्या नावे करून दिली. माझ्या दिरांचा विरोध होता, मी ऐकले नाही. नकाशात कुंपण होते, दिवे होते, शंभर माणसे बसतील अशी गॅलरी होती, मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली आणि दोन संडास होते. खरे सांगायचे तर माझे सगळे लक्ष त्या संडासांकडे होते. अकरा वर्षे मुली माझ्या घरात येऊन कपडे बदलत होत्या. महिन्याच्या अडचणीच्या दिवसांत तर काही मुली यायच्याच बंद व्हायच्या. चित्राच्या मधोमध निळे-पिवळे मैदान काढलेले होते. ते निळे काय आहे हे मी विचारले नाही. चित्रात समुद्र निळा काढतात तसे मैदानही काढले असेल, असे समजून मी सही केली. सही माझीच आहे. ती मी नाकारत नाही.

काम उन्हाळ्यात सुरू झाले. गॅलरी झाली, खोली झाली, संडासांना पाणी आले. काम चांगले झाले आहे आणि मी ते सर्वांना सांगत होते. ठेकेदाराच्या वतीने प्रदीप नावाचा मुलगा, वय तीसच्या आसपास, देखरेखीला होता. तो पलीकडच्या गावचा, मला काकी म्हणतो. त्याला रोज दुपारचा चहा माझ्याकडचा असे.

काल दिनांक १० रोजी सकाळी आठ वाजता मी पालघरला गेले. येत्या २९ तारखेला जिल्हा निवड स्पर्धा आहे. आमच्या बारा मुलींचे अर्ज द्यायचे होते. अर्ज देऊन साडेबारा वाजता परत आले. रिक्षातून उतरून पाहते तो रेडीमिक्सची गाडी माल ओतून निघून चालली होती. अर्ध्या मैदानावर कोबा पसरून, फळी मारून सारखा केलेला होता. मातीवर नुसता प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर ओतला होता. खाली खडीसुद्धा नव्हती.

मी प्रदीपला विचारले, "हे काय हाय?"

तो म्हणाला, "कोबा हाय, काकी. पह्यल्या टप्प्यातलं शेवटचं काम. उद्या पेढे वाटा."

"आनि ते निळं?"

"ती मॅट. ती दुसऱ्या टप्प्यात. निधी आला का टाकू."

"कदी येनार निधी?"

"ते मी कसा सांगू? साहेब लोकांच्या हातात हाय."

"मंग तवर पोरी कुठं खेळतील?"

"ह्याच्यावरच खेळतील की. क्रिकेट व्हईल, लग्नं व्हतील. तुमच्याच मंडळाला भाडं मिळंल, काकी."

मी त्याला विचारले की, कोबा जमायला वेळ किती लागतो. हे विचारताना माझ्या मनात काय होते ते प्रदीपला माहीत नव्हते, यात त्याचा दोष नाही. तो म्हणाला, "साडेतीनपर्यंत कुनाला पाय ठेवू देऊ नका. मंग दगड." मी घड्याळ पाहिले. एकाला दहा कमी होते. दुसरी गाडी वसाहतीच्या वळणावर अडकली होती, म्हणून मजूर जेवायला गेले आणि प्रदीप मोटारसायकलवरून गाडी आणायला गेला. मी घरात गेले, पालघरला जाताना नेसलेली साडी बदलली, ओट्यावर उभी राहिले आणि हाळी दिली.

सर्वांत आधी इंदुबाई आल्या. त्यांचे वय सत्तरच्या पुढे आहे. त्यांनी कोब्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "दमू, नवा दिसते. पाय ठेवू का?" मी म्हटले, "ठेवा. तोच काढायचा हाय." त्यांनी पदर खोचला. त्यानंतर आलेल्या एकीनेही काही विचारले नाही. सिमेंट हातापायांना खाते म्हणून मी दुधाच्या पिशव्या वाटल्या, त्या सगळ्यांनी हातांना बांधल्या. चौघी फावड्याने ओढत होत्या, चौघी घमेली भरत होत्या, बाकीच्यांची रांग लावली.

माल परक्याचा आहे, तो फेकायचा नाही, असे मीच सांगितले. आमच्या घरापासून साठ पावलांवर शाळेकडे वळणारा रस्ता आहे. त्याला पावसाने मोठे खड्डे पडले होते. घमेली तिकडे पोचत होती आणि इंदुबाई सासूबाईंच्या चोपण्याने खड्डा चोपून देत होत्या. तक्रारीत "काँक्रीटची चोरी" असे लिहिले आहे. काँक्रीट कुठेही गेलेले नाही. ते रस्त्यावर आहे, साहेबांनी येताजाता पाहावे. शाळा सुटल्यावर पोरे त्यावरून चालतच घरी गेली.

दोन वाजता प्रदीप दुसरी गाडी घेऊन आला. त्याने पाहिले आणि डोक्याला हात लावला. मग तो ठेकेदाराला फोन करू लागला, फोन लागेना. गाडीचा चालक परप्रांतीय, नाव माहीत नाही. तो खाली उतरून मला म्हणाला, "मौसी, माल ड्रम में जम गया तो गाड़ी ख़तम. किधर खाली करूँ?" मी प्रदीपकडे पाहिले. प्रदीप फोनवर होता. मग मी रस्त्यावरचे उरलेले खड्डे दाखवले. ही गाडी मी पळवली असे म्हणणे खोटे आहे. चालकाने विचारले, मी जागा दाखवली. तेवढ्यात मजूर जेवून आले. त्यांना कोणी काही सांगितले नाही. ओला माल पाहून त्यांनी फळ्या घेतल्या आणि शाळेच्या फाटकापर्यंत रस्ता सारखा करून दिला. फार छान केला. त्या मजुरांचा रोज कापू नये, अशी माझी विनंती आहे.

सव्वातीनला प्रतीक्षा पहिल्या पाळीवरून आली. ती कुंपणाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, काय करतेस?" मी म्हटले, "खळं करते." मग तिने ओढणी कमरेला बांधली आणि रांगेत उभी राहिली. रांगेत उभ्याने घमेले पुढे द्यायला गुडघा वाकवावा लागत नाही. तिचे नाव या जबाबात येऊ नये असे मला वाटत होते. परंतु आज मी घरातून निघताना तिने सांगितले की, "माझं नाव लिव." म्हणून लिहावे.

शेवटचे घमेले तीन वाजून चाळीस मिनिटांनी गेले. कडेचा हातभर पट्टा तेवढा जमला होता, तो कुदळीने काढला. प्लास्टिकचा कागद धुऊन, घडी करून प्रदीपच्या ताब्यात दिला. खालची माती दमट झाली होती, पण मेलेली नव्हती. मग मी चहा केला. प्रदीपलाही दिला, हातावर गूळ-खोबरे ठेवले. "काकी, माझी नोकरी जाईल हो," असे तो म्हणाला. तेव्हा मला फार वाईट वाटले, ते आत्ताही वाटते आहे. त्याच्या ठेकेदाराला माझ्याशी बोलू द्यावे. त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही, अपशब्द बोलले नाही. तक्रारीत "धक्काबुक्की" आहे, ती झालेली नाही. हे प्रदीपला समोर बसवून विचारावे, तो खोटे बोलणार नाही.

साडेचारला नागोराव ड्युटीवरून आले. त्यांनी सवयीने चपला बाहेर काढल्या. मैदानात बसून त्यांनी पहिल्या वर्षी दाबली होती तशीच तळहाताने माती दाबून पाहिली. "जित्ती हाय, काकू," एवढेच म्हणाले आणि तोंड फिरवून बसले. साडेपाचला मुलींचा सराव झाला. नागोरावांची मुलगी स्वरा, वय १५, ही चढाईला जाते. ती काल चार वेळा पडली आणि चारही वेळा उठून हात झटकून परत गेली. मी मोजत होते.

आता विचारलेल्या प्रश्नांबाबत सांगते. तक्रारीत "तीस ते पस्तीस अनोळखी महिला" असे लिहिले आहे. त्यात अनोळखी एकही नव्हती. सगळ्यांना मी नावाने ओळखते, कोणाला चहात साखर किती लागते तेही सांगेन. पण नावे सांगणार नाही. घरटी एक बाई आली, साहेबांनी घरे मोजावीत. या कामासाठी सभा झाली नाही, फोन झाला नाही, निरोप गेला नाही. हाक मी मारली. हाळी देणाऱ्या बाईचे खळे असते, तशी जबाबदारीही तिचीच असते. म्हणून गुन्हा लिहायचा असेल तर माझे नाव पहिले लिहावे, आणि प्रतीक्षाचे तिच्या सांगण्यावरून. तिसरे लिहू नये.

मला असेही विचारले की, काम पसंत नव्हते तर अर्ज का दिला नाही. अर्ज देता येतो हे मला ठाऊक आहे, मी अध्यक्ष आहे. अर्जाला पोच मिळेपर्यंत चार दिवस जातात. कोब्याला पावणेतीन तास होते.

हवालदार साहेब मला म्हणाले, "काकी, चूक झाली म्हणा, तुम्हाला आणि ठेकेदाराला समोर बसवून मिटवून टाकू. मॅट काय, आज ना उद्या येईलच." साहेब चांगुलपणाने बोलले, त्यांची मुलगीही शाळेत खेळते असे त्यांनीच सांगितले. परंतु मला चूक झाली असे म्हणता येत नाही. माझी चूक मी वर सांगितली आहे. ती मार्च महिन्यातल्या सहीची आहे आणि अकरा वर्षांपूर्वीच्या खळ्याची आहे. कालची नाही. मॅट नंतर येणार म्हणजे वरातीमागून घोडे. पोरींची वरात थांबत नाही. आज चौदा वर्षांची आहे ती मॅट येईपर्यंत अठराची होईल, आणि मधली चार वर्षे ती कशावर पडणार, याचे उत्तर कुठल्याच टप्प्यात लिहिलेले नाही. आमचे तोंड दुधाने एकदा पोळले आहे, आता आम्ही ताक फुंकूनच पिणार.

माझे भांडण कोब्याशी नाही, मॅटशी नाही. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात, आमच्या मुलींनाही कधीतरी मॅटवर खेळायचे आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की, मॅट आधी आणावी. ती गाडीतून उतरवून माझ्या ओट्यावर ठेवावी, मी हात लावून पाहीन. त्याच दिवशी मी पुन्हा हाळी देईन आणि कोब्याचे पहिले घमेले माझ्या हातचे पडेल. हे मी कंपनीच्या साहेबांना आणि ठेकेदाराला लिहून द्यायला तयार आहे. मॅट न आणता कोबा पुन्हा ओतला तर तो पुन्हा निघेल. हे धमकी म्हणून लिहू नये, माहिती म्हणून लिहावे.

मैदानाचा कालचा अर्धा भाग आज चाळून घ्यायचा आहे आणि चार वाजता पाणी मारायचे आहे. उशीर झाला तर माती वाळून ढेकळे होतात. इथून सुटका होणार नसेल तर तसे आत्ताच सांगावे, म्हणजे प्रतीक्षाला निरोप देता येईल. पाणी किती मारायचे ते तिला माहीत आहे.

वरील सर्व मजकूर हवालदार साहेबांनी मला सावकाश वाचून दाखवला. वाचताना त्यात "रागाच्या भरात व गैरसमजातून" असे शब्द आले. ते शब्द माझे नाहीत. साहेबांनी माझे भले व्हावे म्हणून घातले, त्याबद्दल त्यांचे उपकार आहेत. मी ते खोडायला लावले आणि खोडलेल्या जागी सही केली. गैरसमज मला नव्हता. राग मला तीन वर्षांपूर्वी आला होता. त्या दिवशी मी कोब्याच्या कडेला बसून मुलीला पदराने वारा घालत राहिले. ती ओरडत होती आणि मी दुसरे काहीही केले नाही. काल मला राग आलेला नव्हता. काल मी खळे केले. तेवढी दुरुस्ती धरून बाकी जबाब मी सांगितला तसाच उतरला आहे, तो मला मान्य आहे व मी त्यावर माझ्या हाताने पूर्ण नाव लिहिते.

दमयंती नरहरी संखे